‘उन्हाळ्यात दोन पौंड कमी’ : चाकातल्या हवेचा इतिहास

#धागा #इतिहास

१. मे महिन्याची दुपार. श्रीगोंद्यातल्या कुठल्याही पंक्चरच्या दुकानापुढे घटकाभर उभे राहा. मोटार येते, काच खाली होते. “हवा किती टाकू?” “कंपनीने बत्तीस सांगितलीय.” “ऊन बघताय ना साहेब? तीसच ठेवा. जास्त हवेनं टायर फुटतो.” मालक मान डोलावतो. दोन पौंड हवा फुस्स करून बाहेर जाते आणि गाडी काष्टी-दौंडमार्गे पुण्याच्या वाटेला लागते.

२. हा संवाद आपण सर्वांनी ऐकला आहे. त्यातला सल्ला आपुलकीचा असतो, पण तो खरा आहे का? ‘बत्तीस’ हा आकडा मुळात आला कुठून आणि तो ठरवण्याचा अधिकार कोणाचा? या साध्या प्रश्नामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. आजच्या धाग्यात तो पाहू. वाट लांबची आहे: शिंद्यांच्या जहागिरीतून निघून बेलफास्ट, पॅरिस, नागपूर, अमेरिका, आणि शेवटी पुन्हा याच दुकानापुढे.

३. आरंभी एक खुलासा. आपण ज्याला नुसते ‘पौंड’ म्हणतो तो ‘दर चौरस इंचावर इतके पौंड’ असा दाब असतो. ३२ पौंड म्हणजे एका चौरस इंचावर सुमारे साडेचौदा किलो भार पेलण्याची ताकद. आपल्या भोवतालच्या हवेचा दाब साधारण १४.७ पौंड असतो. टायरात त्याच्यावर आणखी किती दाब आहे, एवढेच मापक दाखवते. हा तपशील लक्षात ठेवा. पुढे एका हिशेबात तो लागणार आहे.

४. आता हवेच्या आधीचे चाक. श्रीगोंदा, म्हणजे जुन्या कागदांतले चांभारगोंदे, ही शिंदे घराण्याची जहागीर. त्यांचे वाडे आजही गावात आहेत. महादजी शिंद्यांच्या फौजेने उत्तर हिंदुस्थानात जे नाव कमावले, त्यात तोफखान्याचा वाटा मोठा होता. तोफा ओढत बैल. तोफेचा सारा भार लाकडी चाकांवर आणि त्या चाकांभोवतीच्या लोखंडी पट्टीवर येई. या पट्टीला आपल्याकडे ‘धाव’ म्हणतात.

५. धाव चढवणे हे लोहार आणि सुताराच्या जोडकामाचे कसब. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करतात, जाळात लाल होईपर्यंत तापवतात, फुगलेल्या अवस्थेत चाकावर बसवतात आणि लगेच पाणी ओततात. लोखंड आकसते, लाकडी पाट्या, आरे आणि तुंबा एकमेकांत घट्ट आवळले जातात. उष्णतेने वस्तू फुगते आणि गारव्याने आकसते, हे शास्त्र आपल्या लोहाराला पुस्तकाविना ठाऊक होते. हेच शास्त्र पुढे हवेच्या बाबतीतही कामाला येईल.

६. धावेचा दोष एकच, पण मूलभूत. लोखंड दबत नाही. म्हणून सगळा भार जमिनीवर बोटभर रुंदीच्या रेघेवर येतो. दाब म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ. क्षेत्रफळ जितके लहान, तितके चाक जमिनीत रुतणार. भीमाकाठच्या काळ्या मातीत भर पावसाळ्यात गाडी घालून पाहिलेल्या माणसाला हे समीकरण शिकवावे लागत नाही. मराठ्यांच्या मोहिमा दसऱ्याचे सीमोल्लंघन करून निघत. वाळलेली वाट आणि उतरलेल्या नद्या हे त्यामागचे एक रोकडे कारण होते.

७. याचाच दुसरा अर्थ असा: चाकाला दबता आले, तर ते जमिनीवर पसरेल आणि भार वाटला जाईल. हे प्रथम ज्याच्या ध्यानी आले तो रॉबर्ट विल्यम थॉमसन हा स्कॉटिश अभियंता. १० डिसेंबर १८४५ रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने ‘हवाई चाका’चे पेटंट घेतले. आत रबर दिलेल्या कापडाची हवाबंद नळी आणि बाहेर कातड्याचे आवरण. लंडनमध्ये घोडागाडीला ही चाके लावून त्याने ती चालवून दाखवली. गाडी हलकी ओढली गेली आणि आवाजही थांबला.

८. तरीही ही चाके मागे पडली. त्यांची किंमत भारी होती, वाहने अजून घोड्याच्या चालीनेच चालत आणि भरीव रबर त्यामानाने स्वस्त पडे. कल्पना बरोबर होती, पण तिची निकड निर्माण करणारा वेग अजून जन्माला यायचा होता. थॉमसन पुढे वाफेच्या गाड्यांकडे वळला आणि त्यांना त्याने भरीव रबराचीच चाके लावली. हवाई चाक जवळपास चाळीस वर्षे विस्मृतीत गेले.

९. ते पुन्हा सापडले एका पशुवैद्याला. जॉन बॉइड डनलॉप हा मूळचा स्कॉटिश, व्यवसाय बेलफास्टमध्ये. मुलाच्या तीनचाकीला दगडी रस्त्यावर बसणारे हादरे पाहून त्याने रबराच्या नळीत हवा भरली आणि ती चाकाभोवती कापडाने गुंडाळली. १८८८ मध्ये त्याला पेटंट मिळाले. पुढच्याच वर्षी बेलफास्टच्या सायकल शर्यतींत विली ह्यूमने हवेच्या टायरवर बाकीच्यांना मागे टाकले आणि हसणारे गप्प झाले.

१०. डनलॉपला थॉमसनची माहिती नव्हती. ती उजेडात आली तेव्हा त्याचे मूळ पेटंट रद्दबातल ठरले. पण तोवर सायकलीचे युग सुरू झाले होते आणि त्याच्या नावाची कंपनी उभी राहिली होती. हेच नाव पुढे आपल्या बैलगाडीपर्यंत येऊन पोचणार आहे.

११. सायकलीवर एक माणूस बसतो. मोटारीचे वजन त्याच्या कितीतरी पट. एवढा भार हवा पेलेल का? १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत आंद्रे आणि एद्वार मिशेलिन या बंधूंनी स्वतः मोटार हाकून याचे उत्तर दिले. टायर वारंवार पंक्चर झाले, पारितोषिक काही हाती लागले नाही. पण गाडी हवेवर धावू शकते, एवढे सिद्ध झाले आणि पुढच्या काही वर्षांत मोटारीची चाके हवेची झाली.

१२. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये ऑगस्ट श्रेडर या जर्मन वंशाच्या कारागिराने हवेचा व्हॉल्व्ह सिद्ध केला. त्याचे पेटंट १८९३ चे. आतली बारीक सुई दाबली की हवा आत-बाहेर होते, सोडली की बंद. आपल्या मोटारीच्या चाकावर आज जो व्हॉल्व्ह आहे तो याच वंशाचा. हवा सहज मोजता आणि बदलता येऊ लागल्यामुळे खरा प्रश्न उभा राहिला: भरायची किती?

१३. पहिले उत्तर होते: भरपूर. विसाव्या शतकाच्या आरंभीचे टायर अरुंद असत आणि त्यांत ५० ते ७० पौंड हवा भरली जाई. याचे कारण कापडात दडले होते. टायरच्या आत साधे आडव्या-उभ्या विणीचे जाड कापड असे. टायर दबला की ताणा आणि बाणा एकमेकांवर घासत, तापत आणि तुटत. टायर दबूच द्यायचा नाही, हा त्यावरचा तोडगा होता. प्रवास हाडे खिळखिळी करी, पण टायर टिके.

१४. मग विणीऐवजी समांतर दोरांचे थर आले. आडवा धागा जवळजवळ नाहीसा झाल्याने घर्षण घटले. टायरला आता दबण्याची मुभा मिळाली. १९२३ मध्ये फायरस्टोनने रुंद, मऊ ‘बलून’ टायर बाजारात आणला आणि दाब तिशीच्या आसपास उतरला. आपल्या ‘बत्तीस’ आकड्याचे घराणे इथून सुरू होते.

१५. इथे जरा थांबा, कारण या इतिहासाची किल्ली इथेच आहे. दाब कमी करता आला तो टायर दबणे सोसू लागला म्हणून. प्रत्येक टायरची दबण्याची एक मर्यादा असते. तिच्या आत राहिलात तर मऊपणा आणि पकड मिळते. ओलांडलीत तर आतले थर तापतात. योग्य दाब म्हणजे त्या मर्यादेची खूण. भार, वेग, जमीन आणि टायरची बांधणी यांपैकी काहीही बदलले की ती खूण सरकते.

१६. जमिनीचे नाव निघालेच आहे, तर रस्त्याकडे वळू. १९२० च्या दशकात हिंदुस्थानच्या खडीच्या रस्त्यांवर दोन युगे एकत्र धावत होती. बैलगाडीची लोखंडी धाव खडी भरडून तिचा भुगा करी आणि मोटारीचे वेगवान रबरी चाक तो भुगा धुळीच्या लोटांत उडवून देई. दोघांनी मिळून रस्ता खाल्ला. तो दुरुस्त कोणी करायचा आणि कोणाच्या पैशाने, हा राजकीय प्रश्न झाला.

१७. या प्रश्नावर १९२७ मध्ये समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीने १९२८ मध्ये सुचवले की पेट्रोलवर जादा कर बसवून तो पैसा रस्त्यांसाठी वेगळा ठेवावा. १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला, १९३४ मध्ये भारतीय रस्ते काँग्रेस. डिसेंबर १९४३ मध्ये नागपुरात मुख्य अभियंत्यांनी देशाची पहिली दीर्घकालीन रस्ते योजना आखली. ती ‘नागपूर योजना’ म्हणूनच ओळखली जाते.

१८. रस्ते सुधारायचे एक अंग झाले. चाक सुधारायचे दुसरे. डनलॉप कंपनीचा हिंदुस्थानातला कारखाना १९३६ मध्ये बंगालमधल्या साहागंज येथे सुरू झाला. जनावरे ओढतील अशा गाड्यांसाठीही रबरी टायर आले. मराठी खेड्यात अशा गाडीला ‘टायरगाडी’ किंवा सरळ ‘डनलॉप’ म्हणू लागले. कंपनीचे नाव गाडीचे सामान्यनाम झाले. बेलफास्टच्या पशुवैद्याचे नाव अखेर बैलांच्याच मागे येऊन लागले, हा इतिहासाचा एक गमतीचा योगायोग.

१९. आपल्या जिल्ह्यात या गाडीला ऊस भेटला. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात गाळप करू लागला आणि त्याच्या मागोमाग जिल्ह्यात कारखान्यांची रांग लागली. श्रीगोंद्यातही सहकारी कारखाना उभा राहिला. घोड आणि कुकडीच्या पाण्याने तालुक्यात ऊस वाढला. हंगामात ऊसतोड कामगारांच्या टायरगाड्या पहाटेपासून कारखान्याच्या वाटेवर दिसू लागल्या.

२०. रबरी चाकाने बैलाचे ओझे हलके केले, हे खरे. हादरे कमी झाले, ओढ सोपी झाली. पण सोय झाली की माणूस भार वाढवतो. धावेच्या गाडीत एरवी न चढणारा ऊस टायरगाडीत चढू लागला. दोन टनांच्या आसपासची गाडी नित्याची झाली. त्यात टायर मऊ असला तर? रस्त्यात दबणारा प्रत्येक इंच पुन्हा उचलावा लागतो आणि ती ताकद जुवाखालच्या मानेतून येते. कमी हवेची किंमत कोणीतरी मोजतच असतो. मोटारीत ती इंजिन मोजते, म्हणून आपल्या लक्षात येत नाही.

२१. प्रवासी वाहनांच्या बाबतीतही आपल्या जिल्ह्याला पहिलेपणाचा मान आहे. राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी धावली ती अहमदनगर ते पुणे. श्रीगोंदा तालुक्याच्या पश्चिम कडेने घोड नदीकडे उतरणारा हाच तो रस्ता. एका मोटारीच्या मालकाने हवेकडे दुर्लक्ष केले तर त्याचे कुटुंब धोक्यात येते. बसच्या बाबतीत तीस कुटुंबे. हवा तपासणे हा इथे मर्जीचा विषय उरला नाही, तो नित्यकर्माचा भाग झाला.

२२. मग कमी हवा नेहमीच चूक असते का? नाही. १९२० च्या दशकाअखेर राल्फ बॅगनॉल्ड हा ब्रिटिश लष्करी अधिकारी लिबियाच्या वाळवंटात साध्या फोर्ड मोटारी घेऊन शिरला. जिथे उंटही कचरत, तिथे त्याने वाट काढली. त्याची एक युक्ती टायरमधली हवा कमी करण्याची होती. टायर पसरला, वाळूवरचा दाब घटला, गाडी तरली. पण वाळूत वेग बेताचा असतो, हे विसरू नका.

२३. वाळवंट दूर राहिले. आपल्या अंगणातला ट्रॅक्टर पाहा. १९३२ च्या सुमारास अमेरिकेत ट्रॅक्टरला हवेचे टायर लागले. शेतात त्याच्या मागच्या मोठ्या टायरांत मोटारीच्या निम्म्याहूनही कमी दाब पुरतो, कारण चाक मोठे, जमीन मऊ आणि चाल मंद. एकाच अंगणात ट्रॅक्टर आणि मोटार शेजारी उभी असतात. दोघांचे आकडे वेगळे आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर. म्हणून ‘हवा किती?’ या प्रश्नाला ‘कशासाठी?’ हा उपप्रश्न जोडल्याशिवाय उत्तर नाही.

२४. मोटारीकडे परत येऊ. १९४६ मध्ये मिशेलिनने रेडियल टायरचे पेटंट घेतले. यात दोर आडवे, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जातात आणि माथ्याखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. माथा ताठ राहतो, कुशी मऊ. आयुष्य वाढले, पकड वाढली, इंधन वाचले. भारतात आज नव्या मोटारी बहुतांशी याच टायरांवर धावतात.

२५. पण रेडियलने एक जुनी विद्या निकामी केली. आपले वडीलधारे टायरला लाथ मारून किंवा नुसते पाहून ‘हवा कमी आहे’ असे सांगत. जुन्या आडव्या-तिरप्या थरांच्या टायरला ते बरेचसे लागू पडे. रेडियलची कूस हवा पुरेशी असतानाही खाली फुगलेली दिसते. त्यामुळे ३२ आणि २६ यांतला फरक डोळ्याला कळत नाही. मापक लावण्याला पर्याय उरला नाही.

२६. हा फरक किती जीवघेणा ठरू शकतो, हे अमेरिकेने २००० साली अनुभवले. फोर्डच्या ‘एक्सप्लोरर’ गाडीवरच्या फायरस्टोन टायरांचे माथे वेगात सुटून गाड्या उलटू लागल्या. दोनशेहून अधिक माणसे दगावली. ऑगस्ट २००० मध्ये सुमारे ६५ लाख टायर परत मागवले गेले. सदोष बनावटीबरोबरच वादाचा एक मुद्दा हवेचा होता. गाडीच्या कंपनीने २६ पौंडांची शिफारस केली होती. टायरवाल्यांचे म्हणणे ३० चे होते.

२७. भरलेली गाडी, उष्ण प्रदेश, महामार्गाचा वेग आणि त्यात कमी हवा: टायर प्रत्येक फेऱ्यात दबत आणि सुटत होता आणि त्याची उष्णता आतल्या थरांना सोडवत होती. त्याच वर्षी अमेरिकेत नवा कायदा झाला. त्यातून पुढे प्रत्येक नव्या मोटारीत दाब सांगणारी यंत्रणा सक्तीची झाली. दाब शिफारशीपेक्षा २५ टक्क्यांनी उतरला की दिवा लागतो. आपल्याकडच्या अनेक गाड्यांत आज दिसणाऱ्या त्या छोट्या पिवळ्या दिव्यामागे हा इतिहास आहे.

२८. आता त्या दुपारच्या सल्ल्याचा निवाडा करू. उष्णतेने बंद हवेचा दाब वाढतो, हे अठराव्या शतकाच्या आरंभी गिओम अमाँतों या फ्रेंच शास्त्रज्ञाने मोजून दाखवले. हिशेब असा: पहाटे २५ अंशांवर ३२ पौंड भरली. दुपारी डांबरावर धावून आतली हवा ५५ अंशांवर गेली. तिसऱ्या परिच्छेदातले १४.७ मिळवून गणित करा. मापक सुमारे ३६ ते ३७ पौंड दाखवेल.

२९. वाढ झाली खरी; पण टायर एवढ्यासाठीच बांधलेला असतो. अनेक मोटारींच्या टायरच्या कुशीवर कमाल दाब ४४ पौंड किंवा त्याहून अधिक छापलेला आढळतो. आणि ३२ ची शिफारस करणाऱ्याने ही उन्हातली वाढ आधीच हिशेबात धरलेली असते. उलट दोन पौंड काढले की टायर अधिक दबतो, अधिक दबला की अधिक तापतो. ज्या उष्णतेच्या भयाने हवा काढली, तिलाच आपण आमंत्रण देतो.

३०. निव्वळ दोन पौंडांनी टायर लगेच फुटतो असे नाही, अतिशयोक्ती नको. पण मोटारीच्या टायरातून महिन्याकाठी साधारण एखादा पौंड हवा आपोआप झिरपते. चार महिने तपासणी नाही, वर उन्हाळ्याचे म्हणून दोन काढले, शिवाय लग्नाला निघालेली पाच माणसे आणि मागे भरलेले सामान. ३२ चे २६ कधी झाले ते कळत नाही. त्यात वेग शंभराच्या पुढे. अपघात असा एकेक पौंडाने जमत जातो.

३१. मग या सल्ल्यात तथ्य काहीच नाही का? थोडे आहे. जानेवारीच्या पहाटे, पारा १० अंशांवर असताना ३२ भरली आणि काहीच झिरपली नाही असे धरले, तर मेच्या पहाटे २८ अंशांवर गार टायरही सुमारे ३५ दाखवेल. ती ३२ वर आणणे रास्तच. ऋतू बदलला की हवा तपासावी, एवढा या लोकसमजुतीचा गाभा खरा. पुढे कुणीतरी ‘तपासा’चे ‘कमी करा’ केले.

३२. आपल्यासाठी हा प्रश्न आता अधिक गंभीर झाला आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग. आपल्याच जिल्ह्यातल्या कोपरगाव तालुक्यातून तो जातो. सिमेंटचा सरळ पट्टा, मोटारींना १२० ची वेगमर्यादा. गावातल्या खड्ड्यांत ४० च्या चालीने निभावणारा झिजका, अर्धवट भरलेला टायर तिथे तासन्‌तास त्या वेगाला टिकेलच असे नाही. हा मार्ग सुरू झाल्यापासून टायर फुटण्याची चर्चा महाराष्ट्रात घराघरांत पोचली, ती उगाच नव्हे.

३३. तर मग आकडा निवडायचा कसा? चालकाचे दार उघडा. चौकटीवर एक पट्टी चिकटवलेली असते. काही गाड्यांत ती इंधनाच्या झाकणामागे असते. न सापडल्यास गाडीसोबतची पुस्तिका पाहा. तिथे पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडे वेगळे असू शकतात. थोडी माणसे आणि पूर्ण भार असे दोन रकानेही असतात. सहकुटुंब तुळजापूरला निघाला असाल तर दुसरा रकाना वाचा. टायरच्या कुशीवरचा मोठा आकडा मात्र कमाल मर्यादेचा. तो भरण्याचा आकडा नव्हे.

३४. मोजण्याची वेळही महत्त्वाची. हे आकडे गार टायरचे असतात: गाडी किमान तीन तास उभी असावी किंवा फार तर दोन-तीन किलोमीटर चाललेली. सकाळची वेळ उत्तम. लांबून तापून आलेल्या टायरने जास्त दाब दाखवला तर हवा काढू नका. गार झाल्यावर पुन्हा मोजा. तापलेला टायरही शिफारशीपेक्षा कमी दाखवत असेल तर मात्र लगेच भरा; तो गारठल्यावर आणखी उतरणार आहे.

३५. ‘मग चार पौंड जास्तच टाका’ हेही उत्तर नव्हे. अति फुगलेला टायर मधोमध टेकतो, तिथेच झिजतो, खड्ड्याचा आघात सरळ आत घेतो आणि ओल्या रस्त्यावर पकड घटवतो. कमी हवेचा टायर दोन्ही कडांना झिजतो. झीज कुठे आहे ते पाहा. टायर स्वतःच आपली तक्रार मांडत असतो. नायट्रोजनचे कुतूहल असेल तर एवढे जाणा: साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच आहे. नायट्रोजन भरला तरी मोजण्यातून सुटका नाही. आणि महिन्यातून एकदा मोजताना डिकीतल्या जादा चाकाला विसरू नका.

३६. शेवटी एक हिशेब. माणसांसह १२०० किलोची मोटार चार चाकांवर उभी. प्रत्येकाच्या वाट्याला ३०० किलो. हवा ३२ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो. भागाकार करा: एक चाक जमिनीला टेकते ते अंदाजे १३० ते १४० चौरस सेंटिमीटर, म्हणजे मोठ्या माणसाच्या पंजाएवढे. आपले सारे कुटुंब, शंभराच्या वेगात, अशा चार पंजांवर तोललेले असते.

३७. लोहाराने धाव आवळली, थॉमसनने तिच्या जागी हवा आणली, डनलॉपने ती सायकलीला आणि मिशेलिन बंधूंनी मोटारीला दिली, जयकरांनी रस्त्यासाठी पैसा मागितला, अमेरिकेने दोनशे जीव गमावून दिवा लावला. दाराच्या चौकटीवरचा तो आकडा या सगळ्यांनी मिळून लिहिला आहे. पुढच्या वेळी श्रीगोंद्याच्या दुकानात “तीसच ठेवा” असे कुणी म्हटले, तर नम्रपणे दार उघडून पट्टी दाखवा: “दादा, बत्तीसच टाका.” आणि जमल्यास त्यांना हा इतिहासही सांगा. ऐकायला त्यांनाही आवडेल.

धागा समाप्त. उद्या सकाळी, गाडी गार असताना, आपल्या चाकांचे आकडे मोजून पाहा. पट्टीवरच्या आकड्याशी किती जुळले ते खाली नक्की कळवा.